मंगळवारची पेज

रविवारी दुपारी आम्ही नवराबायको मागच्या पडवीत तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, उघडत बसलो होतो. प्रमिला विळीवर, आणि मी समोर परात घेऊन. काम माझ्याकडे सोपंच दिलं होतं, मांस असलेली शिंपी परातीत ठेवायची आणि रिकामी बाजूला टाकायची. मी दोन्ही परातीत टाकत होतो. तिनं विळी थांबवली आणि म्हणाली, "अवो, चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरात काढलीत, भरलेली कुठली नि रिकामी कुठली ते अजून कळत नाय?" मी म्हटलं, "मी बर्फाच्या कारखान्यात होतो गो, मासळीत नव्हतो." "मग जावा, बर्फ निवडत बसा." एवढंच बोलणं झालं. जेवताना मी दोनदा भात घेतला. तिनं केलेलं ते शेवटचं कालवण, हे ठाऊक असतं तर तिसऱ्यांदा घेतला असता.

सोमवारी सकाळी अंगण झाडून ती पायरीवर बसली. मी आतून ओरडत होतो, चहा झाला का म्हणून. दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा चिडून बाहेर आलो तर केरसुणी हातात, डोकं खांबाला टेकलेलं... डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्रास झाला नसेल म्हणाले. मी चहासाठी ओरडत होतो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहून टाकतो.

त्याला सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस. बर्फाच्या लाद्या ओढण्यात आयुष्य गेलं, लिहायची सवय नाही. पण रत्नागिरीत प्रमिलाकाकी म्हणून तिला ओळखणारे बरेच आहेत. त्यांनी चांगलं चांगलं लिहिलं, बोर्डावर फोटो लावले. त्यात एक गोष्ट कुणी लिहिली नाही, कारण ती माझ्या लाजेची आहे. ती मीच लिहायला पाहिजे.

आमच्या भागातलं महिला मंडळ जुनं. पूर्वी तिथं हळदीकुंकू, भजन आणि गणपतीत फुगड्या एवढंच चाले. मी त्याला बायकांचा चहाचा अड्डा म्हणायचो, आणि तिच्या तोंडावर म्हणायचो. मग एका पावसाळ्यात कारखान्यात लादी घसरून माझ्या पायावर आली आणि मी सरकारी दवाखान्यात पडलो. प्रमिला रोज सकाळी डब्यातून उकड्या तांदळाची गरम पेज आणायची, वर मीठ आणि लोणच्याची फोड. शेजारच्या खाटेवर संगमेश्वराकडच्या आतल्या गावचा एक म्हातारा होता. मुलगे मुंबईला, जवळ कुणी नाही. दवाखान्याचं जेवण मिळायचं, पण तापात त्याला ते गिळत नव्हतं. हिनं माझ्यातली अर्धी पेज त्याला दिली. मी कुरकुरलो. दुसऱ्या दिवशी तिनं दोन डबे आणले. तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनाच विचारलं, असे कुणी नसलेले किती आहेत इथं? त्या म्हणाल्या, "काकी, मोजत बसलात तर घरी जाणार नाय तुम्ही."

पाय बरा झाला, मी घरी आलो, ती मात्र डबे घेऊन जातच राहिली. मग मंडळात उभी राहिली आणि म्हणाली, आपण हे सगळ्यांनी मिळून करूया. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांची परवानगी लागणार होती. त्याआधी आठवडाभर ती परसात उभी राहून माडापुढं बोलायची, "नमस्कार साहेब, आम्ही महिला मंडळाच्या भगिनी..." मी हसायचो. विचारलं, "तिथं थरथरलीस तर?" "थरथरीन. तरी बोलेन." परवानगी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "पाय थरथरत होते, पण साहेबांनी खुर्ची दिली, त्यामुळं ते टेबलाखाली होते."

तेव्हापासून दवाखान्याजवळच्या एका खोलीत रोज पहाटे मोठ्या टोपात पेज शिजते. डॉक्टर ज्यांना चालेल म्हणतात आणि ज्यांच्याजवळ घरचं कुणी नसतं, त्यांच्यापर्यंत ती सकाळी गरम पोचते. प्रत्येक बाईचा वार ठरलेला. प्रमिलाचा मंगळवार. लग्न असो की घरात पाहुणे असोत, वार चुकवायचा नाही. फारच अडलं तर दुसरीशी बदलून घ्यायचा. या कामातून पुढं रक्ताच्या गटांची वही झाली, बाळंतिणींसाठी जुन्या मऊ साड्यांची दुपटी झाली. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा मी तो खिशात घालून जेटीवर सगळ्यांना दाखवला. चहाचा अड्डा म्हणणारा मीच, आता अध्यक्षीणबाईंचा नवरा म्हणून छाती काढून फिरायला लागलो.

आणि गेल्या वर्षी तिनं ती अध्यक्षपदाची खुर्ची सोडली. आजारी नव्हती, कुणी काढलं नव्हतं. तिनंच नियम करून घेतला. अध्यक्षपद एकीकडे एकच वर्ष, आणि जी सभेत कधी तोंड उघडत नाही तिचा नंबर आधी. पहिला नंबर लागला रंजनाचा. ही आमच्या गल्लीतलीच, पस्तिशीची, नवरा मुंबईला कंपनीत. हजेरी घेतली तरी मान हलवायची, आवाज नाही. बोलायची ती जमिनीकडे बघून. ती आमच्या घरी येऊन रडली. "काकी, मला नाय जमणार. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो." प्रमिला म्हणाली, "मलाही फुटायचा. पदर कशाला असतो?"

माझं डोकं फिरलं. पुढच्या सभेला मी न सांगता जाऊन पोचलो. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर रंजना अंग चोरून बसलेली, आणि माझी बायको दाराजवळ चटईवर. मी दारातूनच बोललो, "मंडळ हिनं उभं केलं नि ही चपलांच्या शेजारी? खुर्चीवर कोण, जिला स्वतःचं नाव सांगता येत नाय ती?" रंजना झटक्यात उठून उभी राहिली. प्रमिलानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला म्हणाली, "रंजना, बस. सभा तुझी आहे. बाहेरच्या माणसाला बाहेर जायला सांग." रंजनानं "काका..." एवढंच म्हटलं, पुढं शब्द फुटेना. मीच निघून आलो.

घरी आल्यावर मी सांगितलं, "महिन्यात बंद पडेल तुझं मंडळ." ती कुकर लावत होती. म्हणाली, "पडू दे. माझ्या एकटीच्या जिवावर चालत असेल तर आत्ताच पडलेलं बरं. मी मेल्यावर पडलं तर उचलायला मी नसेन." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी वाट बघत राहिलो, खोटं कशाला बोलू. एकदा पेज करपली असं कळलं तर मी खुशीत घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "माझीपण करपायची. तुम्हाला कोण सांगणार?" रंजनाला ती संध्याकाळी पडवीत बोलवायची आणि माझ्यासमोर उभी करायची. "मंडळाचं काम काय ते यांना सांग. यांना पटवलंस तर जिल्ह्याला पटवशील." ती बिचारी जमिनीकडे बघून सांगायची आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो.

त्या सोमवारी दुपारपर्यंत मुलगी मुंबईहून आली. पाच वाजता आम्ही प्रमिलाला पोचवून आलो. आंघोळी झाल्या, अंगणात माणसं बसली होती. आमच्याकडे जाणतं माणूस गेलं की त्याच्या मानाखातर एक दिवस काम बंद ठेवतात. कारखान्याचे जुने शेठ गेले तेव्हा आम्ही लादी हलवली नव्हती. माझे थोरले चुलतभाऊ, बाळादादा, म्हणाले, "मंडळानं उद्या बंद ठेवावं. दारावर फलक लावावा." मला ते पटलं. उद्याचा मंगळवार तिचाच. तिच्या वारी चूल पेटली नाही म्हणजे सगळ्या दवाखान्याला कळेल कोण गेलं ते, असं मनात आलं.

तेवढ्यात रंजना आली, बरोबर मंडळाच्या दोघी. तिघींचे डोळे सुजलेले. तिनं काही बोलायच्या आधीच मी म्हटलं, "उद्या बंद ठेवा. एवढा मान तिला मिळायला हवा."

रंजनानं सवयीनं आधी जमिनीकडे बघितलं. मग मान वर केली. "नाय काका. उद्या पेज होणार. तुम्हाला विचारायला नाय आलो, सांगायला आलो."

बाळादादा भडकले. "अगो, माणूस जाऊन दिवस नाय झाला. काय लाज?"

"दादा, दवाखान्यात जी पडलीत त्यांना मी काय सांगू? काकी गेली म्हणून तुमची पेज नाय? काकीला ते चाललं असतं काय, तुम्हीच सांगा." आवाज कापत होता, कपाळावर घाम आला होता. पण बोलायची थांबली नाही. "काकीसाठी बंद ठेवलं तर उद्या माझ्यासाठी ठेवतील, परवा हिच्यासाठी. मग शिजवायचं कधी?"

मला राग यायला हवा होता, आला नाही. त्या दिवशी सकाळपासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मनात म्हटलं, प्रमिला, बघितलंस काय गो? उभी राहिली तुझी रंजना. आणि माझ्यासमोर उभी राहिली.

एवढंच बोलू शकलो, "उद्याचा वार आमच्या घराचा आहे."

"तुम्हाला सुतक आहे. तुमचा वार मी घेतलाय," ती म्हणाली, आणि मुलीच्या जवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. मुलगी दमून झोपली होती, तिला उठवलं नाही. शर्ट घातला आणि चालत मंडळाच्या खोलीवर गेलो. पोचलो तेव्हा पेज वॉर्डात जाऊन आली होती. टोप रिकामा होता, खरकटे वाडगे पाटीतून परत आले होते. मी दारातच उभा राहिलो. सुतकातल्या माणसानं चुलीकडे जाऊ नये एवढं मला कळतं. रंजनानं बघितलं. सांत्वनाचं एक अक्षर बोलली नाही, त्याबद्दल मी तिचे उपकार मानतो.

"काय काका?"

"काम दे काहीतरी."

तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "मागं नळावर बसा. वाडगे घासा."

अडुसष्ट वर्षांचा झालो, घरात स्वतःचा कप कधी विसळला नव्हता. नळाखाली बसलो आणि घासत राहिलो, किती वेळ ते ठाऊक नाही. ऊन पाठीवर आलं तेव्हा भरलेली पाटी उचलून आत नेली. रंजनानं वरचा वाडगा उजेडाला धरला आणि आतून बोट फिरवलं.

"काका, काठाला पेज तशीच आहे. हे परत घासा."

मी पाटी उचलली आणि पुन्हा नळावर जाऊन बसलो.