खुनी विसरलेला लेखक

दोन हजार चौदा साली आम्ही परदेशात, जुरोंग ईस्टला राहायचो. मी ऑफिसला निघालो की इमारतीखालच्या दगडी टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ रोज एकच मराठी रहस्यकथा वाचत बसलेले दिसायचे. पुस्तक जुन्या वाचनालयाचं, पिवळं पडलेलं, शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं. ओळीखाली नख फिरवत ते वाचायचे आणि मला थांबवून विचारायचे, "खुनी कोण, कळलं का तुम्हाला?"

त्यांच्या सुनेने एकदा लिफ्टमध्ये सांगितलं, की ते पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. अशी दोन-अडीचशे लिहिली होती, महिन्याला दोन. घाईत खुनी बदलायला नको म्हणून शेवटचं पान ते आधी लिहून ठेवायचे. आता त्यांना मुलाचं नावही आठवत नव्हतं.

एका सकाळी मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, हे तुम्हीच लिहिलंय. मागे तुमचा फोटो आहे बघा."

त्यांनी पुस्तक उलटलं. फोटोतल्या मिशीवाल्या तरुणाकडे बराच वेळ पाहिलं.

"याला माहीत असणार," ते म्हणाले. "आहे का हा अजून?"

मी "आहे" म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी इमारतीच्या मागच्या बाजूने स्टेशनवर जाऊ लागलो.