कडेकोटांच्या घराची कडी

रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर जे गृहस्थ उभे असत, त्यांचं हजेरीपटावरचं नाव वेगळंच होतं. पण सगळा कारखाना त्यांना कडेकोट म्हणायचा. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट बंदोबस्ताला शोभेलसं नाव मिळालं म्हणून स्वारी आतून खूशच होती. कार्ड नसलेला माणूस त्यांच्यासमोरून आत गेला, असं कधी घडलं नाही. एकदा खुद्द मालक कार्ड विसरून आले, तर यांनी त्यांनाही बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वर ऐकवलं, "साहेब, चेहरा ओळखीचा आहे, पण चेहऱ्यावर मी कुणालाच सोडत नाही." मालकांनी कौतुक केलं की दातओठ खाल्ले, याबद्दल कारखान्यात अजून एकमत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फाटक दुसऱ्याच्या हाती द्यायला कडेकोटांचा जीव होत नसे, त्यामुळे रविवारची ड्युटीही तेच मागून घेत.

बायको बेकरीत पाव कापायच्या यंत्रावर होती. शाळेला सुट्टी लागली की दोन्ही मुली दिवसभर घरात एकट्या. कडेकोटांची मोठी बहीण दरवर्षी म्हणायची, "पाठवून दे पोरींना माझ्याकडे." आत्या मायाळू होती, नाही असं नाही. पण तिच्याकडे दुपारी झोपावंच लागे, आणि टीव्हीवर कायम विणलेलं कापड टाकलेलं असे. या वर्षी थोरलीने आईबाबांना गळच घातली, आम्ही घरीच राहणार. पुष्कळ वादावादी झाली. शेवटी कडेकोटांनी अट घातली की एक जरी चूक झाली, तरी दुसऱ्या दिवशी आत्याकडे रवानगी.

मग त्यांनी घराचा बंदोबस्त हाती घेतला. दाराला आतून लोखंडी कडी बसवली, म्हणजे बाहेरून किल्ली फिरवली तरी दार आतल्या माणसाच्या मर्जीवरच उघडणार. शिवाय परवलीचा शब्द. दार वाजलं की शब्द विचारायचा, बरोबर आला तरच कडी काढायची, आणि दर आठवड्याला जेवताना नवा शब्द ठरवायचा. पहिल्याच आठवड्यात ते स्वतः भर दुपारी आले आणि नाक दाबून "गॅसवाला" म्हणून दार वाजवत राहिले. "ही काही परीक्षा नाही, खरंच गॅसवाला आहे," असंही सांगून पाहिलं. थोरली बधली नाही. संध्याकाळी त्यांनी तिची पाठ थोपटली आणि म्हणाले, "अशी परीक्षा मी कधीही घेईन बरं का." हे बोलले नसते तर बरं झालं असतं, पण माणूस भरात आला की बोलून जातो.

एके दिवशी त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि कार्ड आदल्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात राहिलं. फाटकावर नवी पहारेकरीण होती, यांनीच घोटून तयार केलेली. तिने हात आडवा धरला.

"कार्ड?"

"अगं, मी आहे."

"दिसतंय ना, काका. पण चेहऱ्यावर सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

रागवावं की शाबासकी द्यावी हे कडेकोटांना कळेना. ते तरातरा घरी आले, जिना चढले आणि दार वाजवलं.

"कोण?" आतून थोरलीचा आवाज आला.

"मी. उघड लवकर."

"परवलीचा शब्द?"

शब्द कालच बदलला होता. काल ताटावर बसल्या बसल्या ते पेंगत होते. शब्द ठरताना आपली मान हलली होती, एवढं आठवत होतं; ती होकाराने हलली की झोपेने, हे मात्र सांगता येईना. त्यांनी बायकोला फोन लावला. यंत्रावर असताना बेकरीत सगळ्यांचे फोन कपाटात बंद असतात, तो तिथेच वाजत राहिला असणार.

"दारातल्या भिंगातून बघ. मीच आहे ना?"

आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "चेहरा ओळखीचा आहे," थोरली म्हणाली, "पण..."

"पुढचं ठाऊक आहे मला. बरं, खिडकीतून माझं कार्ड तरी दे. कालच्या शर्टात आहे."

"अनोळखी माणसाला घरातली वस्तू द्यायची नाही, असं बाबांनी सांगितलंय."

"मी अनोळखी?"

"शब्द सांगेपर्यंत."

मग आत कुजबुज सुरू झाली. "ताई, बाबा खरंच विसरलेत वाटतं," धाकटी म्हणत होती. "गप बस. परीक्षा आहे ही. कडी काढली की आपण आत्याकडे." थोरलीचा आवाज कापत होता. तो ऐकून कडेकोटांचं अर्धं अवसान गळालं. ही परीक्षा नाही, असं सांगण्यातही अर्थ नव्हता, कारण नाक दाबलेला गॅसवालाही तेच सांगून गेला होता.

शब्द पोरींनीच ठरवला असणार, म्हणजे त्यांच्या आवडीचाच असणार, असा त्यांनी हिशेब बांधला.

"आइस्क्रीम."

"नाही."

"मांजर."

"मांजर धाकटीला बालवाडीत आवडायची."

"मोरपंखी?"

"हे काय?"

"तुझा आवडता रंग."

"माझा आवडता रंग पिवळा आहे, बाबा."

रंगाच्या कारखान्यात उभा जन्म काढणाऱ्या माणसाला हे फार लागलं. एव्हाना समोरच्या शिवणकामवाल्या काकू मशीन सोडून दारात आल्या होत्या. "पहिलं अक्षर तरी सांग गं बापाला," त्या म्हणाल्या. "काकू, हे गुप्त आहे," आतून उत्तर आलं. कडेकोट मटकन पायरीवर बसले. फाटकातून कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आणि या दोघींचं काही म्हणता काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

दाराच्या फटीशी धाकटीचा आवाज आला. "बाबा, बसलाच आहात तर एक विचारू? आम्हाला पोहायला कधी नेणार?"

"रविवारी बघू," कडेकोट सवयीने म्हणाले.

कडी खाडकन निघाली.

दारात दोघी उभ्या होत्या. थोरलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. "एवढा सोपा शब्द," ती म्हणाली, "आणि किती वेळ लावलात."

"कुठला शब्द?"

"रविवारी बघू. आई म्हणाली, बाबांच्या तोंडात बसलेलाच ठेवा, म्हणजे विसरायचे नाहीत."

काकूंना एकाएकी शिवणाची आठवण झाली आणि त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या.

"मी मुद्दाम नाही हं विचारलं," धाकटी म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मग आम्ही पास?" थोरलीने विचारलं.

"पास."

"आणि आत्या?"

"आत्याला म्हणावं, आलीस तर तूच ये इकडे. येताना शब्द विचारून ये."

कार्ड गळ्यात अडकवून कडेकोट कारखान्यात परतले. पहारेकरणीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मगच फाटक उघडलं. केबिनमधून इन्चार्ज साहेबांनी हाक मारली, "रविवारी येताय ना नेहमीसारखे?"

"रवि..." कडेकोटांची जीभ सवयीने वळली आणि तिथेच थांबली. "नाही साहेब. रविवारी पोरींना पोहायला न्यायचंय."

"हे एकदम कुठून निघालं?"

"एकदम नाही, साहेब," कडेकोट म्हणाले. "त्यांना केव्हापासून सांगतोय मी."