डोंगरावर नेलेली ताटं

सरकारी अनुदानाचं काम करणाऱ्या माणसाला विनोदी पुस्तकं वाचायची गरज पडत नाही. सकाळी टपाल उघडलं की भागतं. किस्से कुणी ठरवून जमवत नाही, फाईल इकडून तिकडं फिरत राहते आणि ते आपोआप साचत जातात.

जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडं डोंगराला लागून आमच्या संस्थेचं छोटं केंद्र आहे. आंध या आदिवासी समाजाची मुलं शाळा करून इथं येतात, जेवतात, अभ्यास करतात. पण दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि आईबाप ऊसतोडीला निघतात. सोबत पोरंही निघतात, शाळा मागं राहते. ती राहू नये म्हणून मुलांना सहा महिने केंद्रातच मुक्कामी ठेवायचं, एवढं आमचं काम. या मुक्कामाची मंजुरी दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते, आणि ती ट्रकाच्या आधी आली तरच तिचा उपयोग. कागद मी सांभाळते, सही दादा करतात. दादा म्हणजे आमचे सचिव, निवृत्त मास्तर. गेल्या वर्षीची गंमत सांगते.

*

प्रस्ताव गेला की त्रुटीचं पत्र येणार, हे ठरलेलं. त्या वर्षी त्रुटी अशी की, मागच्या मंजुरीच्या आदेशाची प्रत जोडलेली नाही.

दादांनी नम्रपणे फोन लावला. आदेश तुम्हीच काढलात, मूळ कागद तुमच्याकडंच असणार, असं ते म्हणाले. तिकडचे बाबू म्हणाले, तो आमच्याकडं सापडेना, म्हणून तर तुमचा मागवला! पटण्यासारखं होतं. आम्ही आमची प्रत पाठवून दिली.

पंधरवड्यानं दुसरं पत्र. "सदर प्रत मूळ आदेशाशी पडताळून घेतलेली नाही."

दादांनी त्या दिवशी लागोपाठ दोन चहा घेतले.

*

मग हजेरीचं मशीन आलं. बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागायचा, हजेरी साठून महिन्याला एकदम वर ऑफिसला जायची. पण आमची मुलं सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कापूस वेचायला जाणारी. बोंडांनी बोटं अशी खरवडलेली असायची की मशीनला काही ओळखू यायचं नाही. लाल दिवा, परत लाल दिवा.

ज्या पोरानं मशीन बसवलं, त्यानं चालतंय का बघायला आमच्या स्वयंपाकाच्या पारूमावशींचं बोट आधी घेतलं होतं. ते मात्र मशीनला पक्कं पाठ झालं. मावशींनाही हिरव्या दिव्याचा नाद लागला. येता-जाता बोट टेकवून जायच्या.

महिनाअखेरीला खुलासा मागवला गेला: केंद्रात एकच लाभार्थी दिसते आणि तीही वयोमर्यादेत बसत नाही.

मावशींना वाचून दाखवलं तर त्या जरा खट्टूच झाल्या. "मग माझं नाव कमी करायलेत का काय?"

*

सोनी तिसरीतली. तिचा जन्मदाखला नव्हता, आणि त्या वर्षापासून दाखल्याशिवाय मुक्कामाच्या यादीत नाव घेईनासे झाले होते. मी तिच्या वडिलांना, सुखदेवला घेऊन तहसीलला गेले. सुखदेव तसा गरीब स्वभावाचा माणूस, विचारलं तेवढंच बोलणारा.

टेबलावरच्या बाईंनी जन्म कुठला विचारलं. सुखदेव म्हणाला, उसाच्या फडात. मोळ्या बांधता बांधता झाली, लांब कर्नाटकात. बाई म्हणाल्या, गाव सांगा. गाव त्याला आठवेना, मुकादम नेईल तिकडं तो जायचा. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, मदत करायला बघत होत्या. त्या म्हणाल्या, निदान तो फड नेमका कुठं आहे ते तरी सांगा.

सुखदेवनं खरोखर आठवून बघितलं.

"मॅडम, तो आता कुठून ऱ्हाईल? आमीच तोडला की."

दाखल्यासाठी मला पुढं चार हेलपाटे पडले, पण नाव यादीत गेलं.

*

प्रस्तावात एक रकाना असतो, बालकामध्ये जाणवलेला बदल. पालकांना विचारून भरायचा. दादांना हा रकाना मनापासून आवडतो. 'आत्मविश्वास', 'सर्वांगीण', असे शब्द ते जपून ठेवतात आणि तिथं वापरतात.

सोनीच्या आईला त्यांनी विचारलं, मागच्या खेपेला पोरगी इथं राहिली, काही फरक वाटतो का? ती पदराशी चाळा करत बसली. दादांनी सुचवून पाहिलं, अभ्यासात? बोलण्यात? बाई मान हलवून नाही म्हणायची.

जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, "पयलं झोपंत दचकून उठायची, ट्रक आला का इचारायची. आता न्हाई इचारत."

दादांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी रकान्यात लिहिलं: सकारात्मक. मला त्यांचा राग आला होता, पण दुसरा शब्द मलाही सुचला नाही.

*

आता हा शेवटचा. दसरा होऊन गेलेला, सोमवारी ट्रक येणार असा मुकादमाचा निरोप आलेला, आणि आमची फाईल फक्त तपासणीसाठी अडलेली. ऑफिसातले साहेब येऊन मुलं बघणार, शेरा मारणार, मग मंजुरी.

तेव्हा जेवणाचाही फोटो पाठवावा लागायचा. ताट वाढलेलं, मुलं ताटासकट, आणि फोटो ॲपमध्येच काढायचा, आधी काढलेला चालत नाही. केंद्रात रेंज नाही. रेंज मिळते ती मागच्या डोंगरावर, म्हसोबाजवळ. म्हणून रोज दुपारी सगळी वरात ताटं घेऊन वर जायची, फोटो पाठवायची, खाली येऊन जेवायची.

साहेब न कळवता आले ते नेमके त्याच वेळी. दादा परभणीला गेलेले. केंद्रात एकट्या पारूमावशी. साहेबांनी लिहून टाकलं: उपस्थिती निरंक.

जीप मला वरूनच दिसली. पळायची सोय नव्हती, वरण सांडलं असतं. भाकरीवर हात धरून आम्ही रांगेनं हळूहळू उतरलो. पुढं सोनी. साहेबांनी तिलाच विचारलं, कुठं गेला होता गं?

"आमी जेवतो ते दाखवाया गेल्तो."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "तुमच्याच ऑफिसला, साहेब."

 साहेब मुलांना जेवू द्या म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले. मुलं जेवली, ताटं धुतली. मग साहेबांना त्यांच्या तपासणीचा फोटो पाठवायचा होता, आणि रेंज त्यांच्याही फोनला नव्हती. पुन्हा सगळे डोंगरावर. मुलांनी सवयीनं ताटं बरोबर घेतली.

फोटो गेला आणि लगेच त्यांना ऑफिसातून फोन आला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. ताटं रिकामी दिसायलीत साहेब, भरून पुन्हा काढा, नाहीतर प्रस्ताव पुढच्या बैठकीत जाईल. पुढची बैठक दिवाळीनंतर होती. 

साहेबांनी मुलांकडं बघितलं. कुणी ताटानं ऊन अडवत होतं, कुणी वाजवत होतं.

"पोरं जेवलीत," ते म्हणाले. "जेवल्यावर ताट रिकामंच असतं. तसंच लिहा, सही मी करतो."

ट्रक सोमवारी आला. सोनी तेव्हा शाळेत होती.