रात्री दहाचा बॅकअप

बोळिंजमधला आमचा फोटो स्टुडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आज सकाळी तिथला कॉम्प्युटर चालूच होईना.

नेमक्या तेव्हाच सिसिल मावशी आल्या. रविवारी त्यांच्या यजमानांना जाऊन वर्ष होतंय, त्याची चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे. मुलाच्या लग्नात मी काढलेला यजमानांचा हसरा फोटो त्यांना मोठा करून हवा होता.

मी निवांत होतो. रोज रात्री दहाला सगळे फोटो आपोआप बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरतील, अशी सेटिंग मीच केली होती. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू ठेवून मी शूटिंगला निघतो, दुकान बाबा बंद करतात.

ती डिस्क लॅपटॉपला जोडली, तर आत एकही फोटो नाही.

बाबा म्हणाले, "अरे, आठ वाजता देवाला हात जोडले की मी मेन स्विच बंद करतो. मगच शटर ओढतो. आजचं आहे का ते?"

आजचं नाहीच. दुकान सुरू झाल्यापासूनचं आहे. चिडणार कुणावर?

मावशीच म्हणाल्या, "घरी अल्बम आहे ना, तो आणते." त्यातला फोटो स्कॅन केला, छान आला. बाकीच्यांचे फोटो कॉम्प्युटरमधून निघतील का, ते दुरुस्तीवाला उद्या सांगेल.

आता बॅकअप दुपारी, जेवायच्या वेळेत. एक कॉपी घरी राहणार. आणि दर आठवड्याला त्यातले दोन-चार फोटो उघडून बघायचे.

आज संध्याकाळी स्विचवर हात ठेवून बाबांनी विचारलं, "झालं का रे तुझं? करू बंद?"

तुमच्याकडे मेन स्विच कोण बंद करतं? त्यांना बॅकअपची वेळ सांगितली आहे का?