नैऋत्येला बसलेला देव

माझा मित्र बीबी गावात मोटर वायंडिंगचं दुकान चालवायचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी लोक आणून टाकत. हा आतली काळी पडलेली तार उपसून काढी आणि नवी तांब्याची तार गुंडाळत बसे, एकेक वेढा तोंडातल्या तोंडात मोजत. मोजताना कोणी बोललेलं त्याला चालत नसे. मी मेहकरला कॉलेजात इतिहास शिकवतो. दोस्ती शाळेपासूनची. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील, आणि त्याच्याबाबतीत मी काय केलं हे मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही.

माझ्या अभ्यासाचा विषय जपान, तोही हजार वर्षांपूर्वीचा. जपानी मला येत नाही. इंग्रजी भाषांतरं वाचून जेवढं कळतं तेवढंच. स्टाफरूममध्ये मला 'जपानी सर' म्हणतात आणि बायको विचारते, मेहकरात बसून कोणाचं काय अडलं होतं. पण त्या काळच्या दरबारी लोकांच्या रोजनिशांनी मला धरून ठेवलं. त्यांना वर्षाचं पंचांग मिळे. प्रत्येक दिवसाखाली त्या दिवसाचं चांगलं-वाईट लिहिलेलं असे आणि उरलेल्या कोऱ्या जागेत ते आपली रोजनिशी लिहीत. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात दूधवाल्याचा खाडा लिहितात, तसंच.

त्यांचा एक फिरता देव होता. तो चार मुख्य दिशांना पाच-पाच दिवस बसे, कोपऱ्यांच्या दिशांना सहा-सहा. मग सोळा दिवस आभाळात जाई आणि तेवढे दिवस सगळ्या वाटा मोकळ्या. तो बसला असेल त्या दिशेला कोणी जात नसे. अगदीच जायचं असलं तर आदल्या दिवशी भलत्याच घरी मुक्काम करून तिथून वाकड्या वाटेनं निघत. काही दिवशी तर दार लावून, दाराला लाकडी चिठ्ठी टांगून आतच बसत. आपल्या दिशाशूलाचा हा लांबचा भाऊ. वाचता वाचता माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. नको असलेलं काम आलं, की या लोकांची दिशा नेमकी बंद निघायची. आजाऱ्याला भेटणं, रागावलेल्या वडीलधाऱ्याकडे जाणं, असली कामं. त्यावर मी एक लेख लिहिला होता. वर्गात हे सांगून मुलांना हसवायचो.

मित्राच्या गळ्याला गाठ आली. गुटख्याच्या पुडीनं आणली. मी एकदा भेटायला गेलो. पुढच्या खोलीत, दारासमोरच खाट टाकली होती. गळ्याला पांढरा रुमाल, रुमालाला पिवळा डाग, आणि वास. तो वास कशासारखा होता ते मी लिहिणार नाही. तो बोलत होता, मी तोंडानं श्वास घेत होतो. अर्ध्या तासात उठलो. फाट्यावर येऊन बाटलीभर पाण्यानं तोंड धुतलं, हात धुतले. घरी येऊन शर्ट वेगळा भिजवला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज घोगरा झाला होता.

"काऊन येऊन नाही राह्यला बे?"

"येतो ना."

"ऑपरेशन हाये. डाक्टर म्हणते आवाज जाईन. जायच्या आंधी ये. दोन गोष्टी बोलू."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तुह्याकडची दिशा बंद हाये सध्या."

"म्हंजे?"

"नैऋत्येले देव बसेल हाये. सहा दिवस."

तो हसला. हसता हसता खोकला लागला. "तुह्या जपानच्या देवाले इकडं काय काम पडलं बे?"

"फिरता हाये तो."

सहा दिवसांनी पुन्हा फोन. मी म्हणालो, देव आता पश्चिमेला सरकला, पण सुलतानपूरच्या पुढं रस्ता पश्चिमेलाच वळतो ना. या वेळी तो हसला नाही. त्यानं सगळं नीट विचारून घेतलं. कोणत्या दिशेला किती दिवस, कोणत्या क्रमानं, आभाळात कधी जातो. तोवर लोक काय करत? मी सांगितलं, दार लावून बसत, चिठ्ठी टांगत. पलीकडे तो प्रत्येक आकडा परत म्हणत होता. वेढे मोजायचा त्याच आवाजात.

"म्हंजे सोळा दिवस मोकळे. तवा येशीन?"

"येतो."

मग ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्यानंतर रोज दुपारी बाराच्या सुमारास त्याचा मिस कॉल येऊ लागला. एक रिंग, की बंद. बोलता येत नसलेला माणूस दुसरं काय करणार. मी फोन उलटा करून ठेवायचो. मीच सांगितलेल्या हिशेबानं ते सोळा दिवस आले. त्यातही मी गेलो नाही. सोळाव्या दिवशी तो गेला. शाळेच्या वर्गातल्या एकानं ग्रुपवर फोटो टाकून श्रद्धांजली लिहिली, तेव्हा मला कळलं. मातीला गेलो नाही. परीक्षेची ड्युटी होती असं सांगितलं. ड्युटी दुसऱ्याची होती, मी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याच्या नंबरवरून एक रिंग आली.

मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. स्क्रीनवर त्याचं नाव. शेजारचे सर म्हणाले, "घ्या ना फोन." मी म्हणालो, कंपनीचा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. घरातलं कोणीतरी करत असणार हे मला समजत होतं. उलट फोन करून विचारलं असतं तर मिनिटात उलगडा झाला असता. मी विचारलं नाही. रविवारी बाराला मी अंगणात जायचो आणि फोन आत ठेवायचो, तरी ती एक रिंग ऐकू यायचीच.

त्याच दिवसांत एकदा मी जुन्या कालगणनेचे तक्ते काढून बसलो. त्याचा पहिला फोन आला त्या दिवशी तो देव खरोखर कुठं होता, हे काढायला. साठ दिवसांचं चक्र, मागं मोजत जायचं. दोन तास लागले. मनातून वाटत होतं की नैऋत्यच निघावी, निदान माझं बोलणं चुकून तरी खरं ठरावं. देव आभाळात होता. आठही दिशा मोकळ्या होत्या. तीन वेळा मोजलं.

वर्षभरानं, चैत्रात, एक दिवस बाराला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतके दिवस मी तो बंद व्हावा म्हणून वाट पाहिली होती, आणि आता बारा वाजले की मी फोन हातात घेऊन बसायचो. पाचव्या दिवशी मी जालन्याची गाडी पकडली आणि बीबीला उतरलो.

भर दुपार. गल्लीत कुत्रंही नव्हतं. मित्राच्या घराचं पुढचं दार बंद होतं. कडीच्या जागी सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. मोटरीला गिऱ्हाइकाचं नाव लिहून बांधायचा तसली. त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बंद आहे. वाट पाहणे.'

मागच्या बाजूनं त्याच्या बायकोचा आवाज आला. "मांगून या भाऊजी. ते दार उघडत नाही आमी."

चपला मागं काढून आत गेलो. पुढच्या खोलीत अंधार होता. बंद दाराकडे तोंड करून खाट तशीच, वर धुतलेली चादर. वास नव्हता. बाजूला कॅलेंडर, आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. पाच, सहा, पाच, सहा, मग सोळा गोल. हे कॅलेंडर तो गेल्यानंतरच्या वर्षाचं होतं.

"हे कोण करतं?"

"मीच. त्यायनं शिकवलं पाटीवर लिहून. म्हणे मोजणं तुटू देऊ नको, अन् बाराले त्याले एक रिंग देत जाय, म्हंजे त्याच्या ध्यानात राहीन." ती पदराला हात पुसत होती. "रिचार्ज संपलं आता. पोरगी सुट्टीत आली की मारीन."

मी पाणी घेतलं. तेवढ्यात मागच्या दारात शेजारीण आली. वर न येताच म्हणाली, "बाई, माहेराले जा लागते उंद्या, लोणारले. कुठं हाये तो?"

वहिनीनं कॅलेंडर पाहिलं. "दक्षिणेत. परवापावतर. पूर्वेले जा तू बिनघोर."

"बरं झालं बाई." ती गेली.

मला बसल्या जागी थंडी वाजली. चैत्रातल्या दुपारी. पोथीतला तो देव मी फोनवर तोंडाला येईल तसा फेकला होता, आणि इथं माणसं त्याला विचारून घराबाहेर पडत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "दिशा बंद नव्हती."

"कोणती?"

"इकडची. मी खोटं बोललो. पाहिलंसुद्धा नव्हतं. मागून पाहिलं तर सगळं मोकळं होतं."

ती खाटेच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. "एक डाव बी नव्हती बंद?"

"नाही."

"मंग काऊन नाही आले?"

उत्तर तयार होतं. कॉलेज, पेपर, गाड्या. ते गिळलं आणि म्हणालो, "वासामुळं."

तिनं खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मले बी येत होता."

आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात: "तुमच्यासाठी लावेल हाये ते दार. त्यायनं सांगतलं व्हतं, तो येईन तवा उघडजा. तुमीच उघडा आता. अन् जा तिकूनच."

आतली कडी वरून खाली पडणारी होती. गंजली होती. दोन्ही हातांनी उचलली. दार जमिनीला घासत उघडलं आणि उजेड खाटेवर पडला. मी अनवाणीच पायरी उतरलो. "थांबा, चपला आणते," म्हणून वहिनी मागच्या दारानं गेली. तिची पावलं मी ऐकली.

मी दाराकडे पाठ करून गल्लीत उभा होतो. पाय पोळत होते. मागं दार घासत लागल्याचा आवाज आला, आणि आतून कडी पडली.

वहिनी घराला वळसा घालून आली. हातात माझ्या चपला. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी लावलं?"

"नाही."

वारा नव्हता. दाराची चौकट कललेली असेल, कडी धक्क्यानं पडली असेल. मी दार ढकलून पाहिलं. हललं नाही. चिठ्ठी सुतळीवर हलत होती. वहिनीनं ती हातानं धरून थांबवली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, नवलही नव्हतं. आजारी माणसानं जेवायला नकार द्यावा आणि त्याचं करणाऱ्यानं ताट झाकून ठेवावं, तशी ती दिसत होती.

"राग हाये त्यायचा," ती म्हणाली. "उंद्या या. उंद्या नाही उघडलं तर परवा या."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकली आणि पहिल्या गाडीनं गेलो. वहिनी मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी पुढच्या पायरीवर बसलो, दारावर थाप दिली आणि जे इथं लिहिलं ते त्याला मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.