पोटावरचं पान

नातजावयाने परवा ओटीवर सिगार पेटवली आणि मला शिरगावच्या सासरची तंबाखूच्या पानांची खोली आठवली. सासऱ्यांचे चिरूट मुंबईच्या साहेबलोकांकडे जायचे आणि तंबाखूही घरच्याच शेतातली असायची. माझी थोरली तेव्हा तान्ही होती. एका दुपारी मी नि सासू त्या खोलीत चिरूट वळत होतो आणि ती पोट दुखून रडत होती, तेव्हा सासूने चिरुटाला वरून गुंडाळायला राखलेलं, एकही भोक नसलेलं ओलसर पान निवडलं, चुलीवर शेकलं आणि तिच्या पोटावर बांधलं. मी म्हटलं, "आई, तंबाखू हाय ती." ती म्हणाली, "या पानावर आपलं घर चालतंय, ते पोरीला काय करील गो?" थोड्या वेळाने रडणं थांबलं. "बघ, निजली," सासू म्हणाली. मी हात लावला तर पोरीचं कपाळ थंडगार, घामाने भिजलेलं, ओठ पांढरे. उचलली तर मान लोंबली आणि ती ओकली. मी पान ओरबाडून काढलं, विहिरीवर नेऊन तिचं पोट साबणाने धुतलं, तोवर सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली. पालघरच्या डॉक्टरकडे जाताना सासू समोर बसून सारखी विचारत होती, "श्वास हाय ना गो?" मी पोरीच्या नाकाशी बोट धरलं होतं, पण मलाच कळत नव्हतं. पालघर जवळ आल्यावर पोर रडली. डॉक्टर म्हणाले, तंबाखूचं विष कातडीतून अंगात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा त्याच खोलीत चिरूट वळायला बसलो. पाळणा मात्र मी त्या खोलीतून काढून अंगणात बांधला. आता ती मुलगी म्हातारी झाली. लोक म्हणतात, सासूवर तुम्ही राग धरला नसेल. धरला होता, ती मरेपर्यंत.