रंभीच्या लग्नाचं घोंगडं

वांझेचा हात चालत न्हाय म्हनं! मग त्या हातानं कातल्याली लोकर कशी चालती? माज्या नणंदेच्या पोरीच्या, रंभीच्या लग्नापास्नं ह्यो सवाल माज्या घशात अडकून बसला हुता. आता कुनी बी इचारू दे, ह्या गोजाबाईचं तोंड बंद ऱ्हात न्हाय.

आमी धनगर. सोलापुरात भवानी पेठेत ऱ्हातो. आमचं मालक मागावर घोंगडी इनत्यात आनि मंगळवारच्या बाजारात इकत्यात. लोकर पिंजायची, कातायची, चिंचोक्याची खळ शिजवायची, ती मी. मालक लई गरीब मानूस, असं समदी पेठ म्हनती. गरीब कसला, मुखदुर्बळ! गाईनं शिंग मारलं तरी गाईचीच माफी मागंल. आमच्या पोटी पोर न्हाय. पर 'वांझ' ह्यो शबुद मला एकटीलाच. त्यास्नी कुनी काय म्हनत न्हाय, जनू पोर मी एकटीच घडवनार हुते.

रंभीचं लगीन ठरलं मोगलाईत, तुळजापूरच्या वाटंवर, सरहद्दीपल्याड. म्हंजी परमुलूखच की! तितला राजा येगळा, नानं येगळं, वाटंवर जकातीचा नाका. आमच्यात रीत हाय, नवरा-नवरीला बसाया मामानं कोरं घोंगडं न्यायचं. त्यावर पयलं जोडप्यानंच टेकायचं. दुसरं कुनी आदी बसलं तर त्याचं नशीब नवरीच्या वटीत पडतं म्हनत्यात. रंभीची हुनारी सासू अक्कम्मा, तिनं तर सांगावाच धाडला, "घोंगड्याला मामीचा हात लागू देऊ नगा." अगं भवाने, सबंद पावसुळा मी ती लोकर कातली, ती काय पायानं?

तरी बी मी गप ऱ्हायले. रंभीसाठी. तिची आई केराबाई मेंढरामागं फिरायची, तवा ही पोर माज्याच मांडीवर वाडली. तिच्या लग्नात कज्जा नगं म्हनलं.

लग्नादिशी उजाडताना आमी दोगंच बैलगाडी जुपून निगालो. नाक्यावरच्या कारकुनानं गाडीतलं घोंगडं बगितलं. खळीनं ताठ, घडी न मोडल्यालं. म्हनला, "नया माल है. बड़ी कचेरी से पावती लाव, कल आव." उद्या? लगीन तर आजच्या गोरजाचं! मालक नुस्तं हात जोडून हुबे. मीच म्हनलं, "सायब, आमच्या पोरीचं लगीन हाय, तिला बसाया हाय ते." त्यो मानूस काय वाईट नव्हता. हासला आनि म्हनला, "पुराने माल को माफी है. बिछाके बैठ जाव, हो गया पुराना!"

दुसरं कुनी असतं तर टुनकन बसून मोकळं झालं असतं. आमी दोगं घोंगड्याकडं बगत हुबे. ऊन कलाया लागलं. मालक म्हनलं, "चल, माघारी जाऊ."

माघारी! मामाचं घोंगडं आलं न्हाय तर जोडपं कशावर बसवायचं? भरल्या मांडवात पोरीनं तोंड कुटं लपवायचं?

"मग तुमी बसा की," मी म्हनलं.

"आन् माजं नशीब पोरीला देऊ?" असं म्हनून त्यांनी मान खाली घातली. म्हंजी उणं आपल्यात बी हाय, ह्ये घरात समदं ठावं हुतं ह्या मानसाला! बाहीर मातुर बोल लावायला बायकू. माजं टकुरंच सटकलं. घोंगडं वडलं, रस्त्यात हातरलं आनि मदोमद फतकल मारून बसले. "बग रं सायबा, झालं का जुनं?"

पुडच्या वाटंवर मालकानं मला बिरोबाची आन घातली, कुनाला सांगायचं न्हाय. मांडवात अक्कम्मानं इचारलं, "वांझेचा हात न्हाय न्हवं लागला?" आनि ह्यो मानूस म्हनला, "न्हाय." मी मागं मेढीला टेकून हुबी. रंभी बसली, बरोबर माज्याच जाग्यावर. मनात म्हनलं, बिरोबा, काय करायचं ते मला कर, पोरीची कूस राख.

वरसाच्या आत रंभीला ल्योक झाला. मग दुसरा, मग पोरगी. दर बारशाला मी मोगलाईत जायाची आनि दर बारशाला अक्कम्मा मला पाळन्यापास्नं लांब हुबी करायची. मी आन पाळत दात-ओठ खायाची. यंदा चौथ्याचं बारसं. पाळन्याखाली तेच घोंगडं हातरल्यालं. रंभी पोर माज्या हातात द्याया आली, तर अक्कम्मा वराडली, "वांझेच्या हातात नगं! माज्या नातवाला दिष्ट लागंल!"

बास झालं. "अक्कम्मा!" मी म्हनलं, "ज्या घोंगड्यावर तुजा वंस वाडला न्हवं, त्यावर पयली ही वांझ बसली हुती! नाक्यावर, भर रस्त्यात!"

अक्कम्मा मालकाकडं वळली. "धुळाप्पा, ही खोटं बोलती न्हवं?"

मला वाटलं, आता ह्यो मुका मान हालवतोय. मालकानं पागुटं काडलं, हातात धरलं, परत डोस्क्यावर ठिवलं.

"खरं हाय," त्ये म्हनलं. "बसली तीच. कातलं बी तिनंच. खोटं म्या बोललो हुतो."

अक्कम्मा पोर घ्याया वळली. तवर रंभीनं पोर माज्या वटीत टाकलं बी. पोर रडाया लागलं, आनि माजं बी डोळं वाहाया लागलं. म्हंजी राग गेला म्हनता? छ्या! पोराला थोपटत मी मालकास्नी म्हनलं, "चार पोरं हुस्तवर ही जीब कुटं गहान ठिवली हुती?"